सायपायचं सॉल्व्ह-आयव्हीपी: काही महिने वापरल्यावर

विद्युतभारित कणांचे चुंबकीय क्षेत्रातले मार्ग काढायला पायथनच्या सायपाय या वैज्ञानिक गणिताच्या संचातलं सॉल्व्ह-आयव्हीपी, म्हणजे आरंभीच्या किमतींवरून विकलक समीकरणं सोडवणारं फंक्शन, गेले काही महिने वापरतोय. सुरुवात सोपी आहे. दुसऱ्या कोटीचं गतिसमीकरण स्थान आणि वेग असं फोडून पहिल्या कोटीची सहा समीकरणं लिहायची, आरंभीच्या किमती द्यायच्या. काळाची पायरी केवढी घ्यायची ते फंक्शन स्वतःच ठरवतं. छोट्या मार्गांसाठी तक्रारीला जागा नाही.

लांब मार्गावर मात्र याचा कस लागतो. एकसमान चुंबकीय क्षेत्रात बल वेगाला कायम लंब असतं, त्यामुळे कणाची चाल बदलता कामा नये. डीफॉल्ट आरके४५ या रुंगे-कुट्टा पद्धतीवर बऱ्याच फेऱ्या चालवून चाल छापून बघा: ती सरकलेली दिसते आणि वर्तुळाची त्रिज्याही. कारण डीफॉल्ट सापेक्ष सहनमर्यादा, म्हणजे किमतीच्या प्रमाणात दर पायरीला चालवून घेतलेली चूक, ०.००१ एवढी सैल आहे. आलेख मात्र दिसायला गुळगुळीत असतो, हीच गोम. मर्यादा घट्ट करून डीओपी८५३ ही जास्त अचूक पद्धत घेतली की चूक खूप कमी होते, पण पुरती थांबत नाही.

निरपेक्ष मर्यादा, म्हणजे किमतीच्या आकाराकडे न बघता चालवून घेतलेली चूक, डीफॉल्टमध्ये ०.०००००१ असते. एसआय एककांत मायक्रोमीटरचा मार्ग काढत असाल तर ही मर्यादा मार्गाएवढीच मोठी झाली! म्हणून काळ आणि अंतर आधी एककरहित करून घ्यावं. नाहीतर स्थान आणि वेगासाठी वेगवेगळ्या मर्यादांची यादी द्यावी, तशी सोय आहे.

इव्हेंट्स, म्हणजे एखादं फलन शून्यातून गेलं की ती घटना टिपण्याची सोय, मला सगळ्यात आवडले. कण भिंतीला टेकला की गणना तिथेच थांबवता येते, टेकण्याचा क्षणही नेमका मिळतो. फक्त त्या फलनाचा चिन्हबदल पायरीच्या दोन टोकांवरच तपासला जातो. मोठ्या पायरीत कण पातळ पट्टीतून आरपार गेला तर पत्ताही लागत नाही, तेव्हा मॅक्स-स्टेपला, म्हणजे पायरीच्या कमाल लांबीला, लगाम हवाच. टी-इव्हॅलमध्ये, म्हणजे उत्तर कोणकोणत्या क्षणांना हवं त्या यादीत, जास्त बिंदू मागून अचूकता वाढत नाही, नुसतं अंतर्वेशन होतं, म्हणजे पायऱ्यांमधल्या किमती अंदाजाने भरल्या जातात.

ऊर्जा राखणारी पद्धत यात नाही, ही खरी उणीव. लाखो फेऱ्यांसाठी मी १९७० पासून प्रसिद्ध असलेली बोरिस पद्धत (भारित कणांचे मार्ग पायरी-पायरीने काढणारी) स्वतः लिहून घेतली. जेमतेम वीस ओळी. निव्वळ चुंबकीय क्षेत्रात तिची चाल ढळत नाही. पायरी मोठी ठेवली तर फेरीचा वेळ मात्र चुकतो, म्हणून कण नेमका कधी कुठे पोचला हे हवं असेल तेव्हा मी अजूनही डीओपी८५३ च लावतो.