मेट्रो 3 : गिरगाव-काळबादेवीच्या पोटातून गेलेल्या मार्गाचे परीक्षण

मुंबईत गेल्या काही वर्षांत सागरी सेतू, किनारी रस्ता, उन्नत मेट्रो अशी पुष्कळ मोठी बांधकामे झाली. पण त्यांतले सर्वांत अवघड काम कोणते असे कोणी विचारले, तर मी कुलाबा-वांद्रे-सीप्झ या मेट्रो 3 चे, म्हणजे अ‍ॅक्वा लाइनचे नाव घेईन. पूल लांबूनही दिसतो आणि त्याचे कौतुक सहज होते. भुयार मात्र जितके नीट बांधलेले असेल तितके ते वरून चालणाऱ्याला जाणवत नाही, आणि म्हणूनच या मार्गाविषयी लिहिताना डब्यातल्या गारव्यापाशी न थांबता तो कसा बांधला गेला हेही पाहायला हवे.

आरे ते कफ परेड असा हा 33.5 किलोमीटरचा मार्ग असून त्यावर 27 स्थानके आहेत, त्यांपैकी केवळ आरे हे एकच जमिनीवर आहे. आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) हा टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये, तिथून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतचा टप्पा मे 2025 मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर 2025 मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. मूळ अंदाज 23,136 कोटी रुपयांचा होता, तो वाढत 37,276 कोटींवर गेला. यातला मोठा वाटा जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जाचा आहे. एवढा पैसा जमिनीखाली जाताना त्याच्या बदल्यात काय मिळाले, हे प्रत्येक प्रवाशाने विचारावे असे मला वाटते.

मला या मार्गातले सर्वांत मोलाचे काम गिरगाव आणि काळबादेवी या दोन स्थानकांत दिसते. बहुतेक भुयारी स्थानके रस्ता वरून खोदून, खाली पेटीसारखे बांधकाम करून आणि पुन्हा झाकून बांधता येतात; त्यासाठी बाजूने भक्कम भिंती घालाव्या लागतात आणि रस्त्यावर तात्पुरते लोखंडी डेक टाकून वाहतूक चालू ठेवावी लागते. पण जगन्नाथ शंकरशेठ मार्गावर किंवा काळबादेवीच्या बाजारात रस्ताच इतका अरुंद आहे, आणि दोन्ही अंगांना जुन्या चाळी इतक्या दाटीने उभ्या आहेत, की संपूर्ण स्थानक मावेल एवढा खड्डा घ्यायला जागाच नाही. त्यातून या चाळी पडल्या शंभरीच्या घरातल्या, लाकडी वाशांच्या आणि भार पेलणाऱ्या विटांच्या भिंतींच्या; आजच्या आरसीसी इमारतीसारखा सांगाडा त्यांना नाही, त्यामुळे पाया थोडा जरी असमान खचला तरी भिंतीला तडा जातो.

अशा ठिकाणी फलाट खालूनच कोरून काढावे लागले. या पद्धतीला अभियंते ‘नाटम’ म्हणतात. टीबीएमने, म्हणजे भुयार खोदणाऱ्या यंत्राने, काढलेल्या गोल भुयाराच्या बाजूचा खडक थोडा थोडा फोडायचा, उघड्या पडलेल्या भागावर लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, खडकात बोल्ट ठोकायचे, जमीन किती हलली ते मोजायचे आणि मोजमाप समाधानकारक असेल तरच पुढच्या फुटात हात घालायचा, असे हे काम चालते. मुंबईचा बेसॉल्ट कणखर असला तरी तो सगळीकडे एकसंध नाही. मध्येच ब्रेशिया, म्हणजे तुकडे सांधून बनलेला खडक लागतो, कुठे टफचा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा मऊ थर लागतो, भेगांमधून पाणी झिरपते, आणि दर वेळी आधाराची तजवीज बदलावी लागते. गिरगावच्या फलाटावर उतरल्यावर आपण पूर्वी खडक असलेल्या पोकळीत उभे आहोत आणि आपल्या डोक्यावर कोणाचे तरी स्वयंपाकघर चालू आहे, हे लक्षात घेऊन त्या भिंती आणि छत पाहिले, तर या कामाची खरी किंमत कळते.

भुयारांसाठी 17 टीबीएम वापरली गेली आणि त्यांना वैतरणा, गोदावरी, कृष्णा, वैनगंगा अशी नद्यांची नावे दिली होती, ही गोष्ट मला मनापासून आवडली. सप्टेंबर 2018 मध्ये गोदावरीने विमानतळाच्या टी2 स्थानकात पहिले भुयार पार केले. धारावी आणि बीकेसी यांच्यामध्ये हा मार्ग मिठी नदीच्या तळाखालून जातो. गाडी तिथून जाताना प्रवाशाला काहीही जाणवत नाही, आणि तसेच व्हायला हवे.

या कामाची झळ कोणाला बसली, हे सांगितल्याशिवाय परीक्षण प्रामाणिक होणार नाही. गिरगाव-काळबादेवीतल्या काही इमारती पाडाव्या लागल्या आणि तिथल्या कुटुंबांना त्याच परिसरात नवी घरे देण्याचे ठरवून वर्षानुवर्षे बाहेर राहावे लागले. दुकानदारांनी बॅरिकेडच्या आडोशाला धंदा केला. कफ परेडमधल्या एका रहिवाशाच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये रात्रीचे काम थांबवले, ती बंदी पुढच्या वर्षी उठली. माझ्या मते त्या याचिकेने आवाजाचा प्रश्न ऐरणीवर आणला हे चांगलेच झाले, कारण भर वस्तीत रात्रभर खडक फोडणारी यंत्रे चालली तर शेजारच्या घरात झोप लागत नाही. आरेच्या कारशेडसाठी ऑक्टोबर 2019 मध्ये झालेली वृक्षतोड मुंबईकर विसरलेले नाहीत. कारशेड मध्यंतरी कांजूरमार्गला हलवण्याचा निर्णय झाला आणि 2022 मध्ये पुन्हा आरेला आणला गेला. या हलवाहलवीत वेळ गेला, आणि तोडलेली झाडेही परत आली नाहीत.

आता प्रवासाविषयी. आठ डब्यांच्या गाड्या आहेत, रूळ सलग आणि गुळगुळीत असल्याने धक्के फारसे बसत नाहीत. फलाटाच्या कडेला काचेचे दरवाजे आहेत आणि ते गाडीच्या दारांबरोबरच उघडतात, त्यामुळे लोकलच्या फलाटावर लहान मुलाचा हात घट्ट धरून उभे राहताना जी धास्ती असते ती इथे नाही. डबा आणि फलाट यांमधली फट इतकी कमी आहे की चाकांची खुर्ची किंवा बाळाची गाडी कोणाच्या मदतीशिवाय आत जाऊ शकते. ज्या शहरात वृद्ध माणसे जिन्यांच्या आणि गर्दीच्या भीतीने लोकल टाळतात, तिथे या दोन गोष्टींना मी फार महत्त्व देतो.

उणिवा आहेत, आणि त्या मुख्यतः भुयार जिथे रस्त्याला मिळते तिथे आहेत. 26 मे 2025 रोजी, दुसरा टप्पा सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, मुसळधार पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात काम चालू असलेल्या प्रवेशमार्गातून पाणी शिरले आणि गाड्या वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या. मुख्य भुयार शाबूत होते, पाणी अडवायला उभारलेली तात्पुरती भिंत टिकली नाही. मुंबईत पावसाळा कधी येणार हे सर्वांना ठाऊक असते; तेव्हा तात्पुरत्या बांधकामालाही कायमच्या बांधकामाइतकाच हिशेब लावायला हवा होता. दुसरी अडचण जोडणीची आहे. मरोळ नाक्याला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आणि सीएसएमटी-चर्चगेटला लोकल मिळते, पण दादरचे मेट्रो स्थानक शिवसेना भवनाच्या बाजूला असल्याने रेल्वे स्थानकापर्यंत बाजाराच्या गर्दीतून चालत जावे लागते, आणि सामान असलेल्या प्रवाशाने हे आधीच लक्षात घ्यावे. शेवटचा टप्पा सुरू झाला तेव्हा भुयारात मोबाइलला नेटवर्क नव्हते, त्यामुळे मोबाइलवरचे तिकीट स्थानकात उतरण्याआधीच काढून ठेवणे शहाणपणाचे होते.

भाडे 10 ते 70 रुपये आहे. लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या पासावर रोज जाणाऱ्याला ते जास्त वाटणार, आणि त्यात त्याची चूक नाही; महिन्याच्या पासाची खरोखर परवडणारी सोय झाल्याशिवाय हा मार्ग त्याचा होणार नाही. टॅक्सीने बीकेसीला किंवा विमानतळाला जाणाऱ्याला मात्र वेळ आणि पैसा दोन्हींचा उघड फायदा आहे. गिरगाव, काळबादेवी, वरळी या भागांना तर प्रथमच दाराशी रेल्वे आली आहे. इथल्या रहिवाशांनी आणि इथे खरेदीला येणाऱ्यांनी हा मार्ग नक्की वापरावा. दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी गेलात, तर काळबादेवीला उतरल्यावर लगेच सरकत्या जिन्याकडे न वळता फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा चालून पाहा.