बाउंडरी इस्टेट, लंडन: एक हिवाळा आणि एक उन्हाळा राहिल्यावर

शोरडिचमधल्या या वसाहतीत घर बघणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितोय, कारण जाहिरातीत ‘ऐतिहासिक वास्तू’ यापलीकडे काही नसतं.

आधी थंडी. खिडक्या लाकडी, वर-खाली सरकणाऱ्या, एकेरी काचेच्या. जानेवारीत फटींतून वारा शिरतो, सकाळी काचांवरून पाणी ओघळतं. 1994 पासून इमारती संरक्षित यादीत असल्याने प्लास्टिकच्या खिडक्या बसवणं विसरा. आतून दुसरी काच लावून घेण्यासाठी घरमालकाच्या मागे बरेच दिवस लागावं लागलं, पण फरक मोठा पडला. लिफ्ट नाही. बाबागाडी असेल तर खालचाच मजला बघा.

तरीही हे घर मला सोडवत नाही. लंडन काउंटी कौन्सिलच्या (तेव्हाच्या लंडनच्या स्थानिक प्रशासनाच्या) ओवेन फ्लेमिंग या वास्तुविशारदाने आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी कष्टकऱ्यांची घरं बांधताना सौंदर्यात हात आखडला नाही. लाल विटांत पिवळसर पट्टे, उंच त्रिकोणी माथे, प्रत्येक इमारतीचा चेहरा वेगळा, नावं थेम्सकाठच्या गावांची. मधल्या आर्नल्ड सर्कस या गोल चौकापासून सात रस्ते फुटतात. तिथली टेकडी म्हणजे पाडलेल्या ‘ओल्ड निकोल’ झोपडपट्टीचा राडारोडा. वर बँडस्टँड (बँड वाजवण्यासाठीचा मंडप) आणि झाडं. उन्हाळ्यात अख्खी वस्ती तिथे बसते.

1900 मध्ये युवराजांच्या हस्ते उद्घाटन झालं. (मुंबईत प्लेगनंतर 1898 मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, तेव्हा इथे भिंती चढत होत्या.) पण झोपडपट्टीतून उठवलेल्या 5,719 लोकांपैकी नव्या घरांत आले फक्त 11. बाकीच्यांना भाडं झेपण्यासारखं नव्हतं.

हा आकडा मला रोज टोचतो. आजही काही घरं कौन्सिलची आहेत, काही विकली गेलीत, आणि माझ्यासारखे भाडेकरू बाजारभाव मोजतात. कायदा खिडकीची चौकट जपतो, आत राहणाऱ्याला जपत नाही. माझ्या जिन्यातली बंगाली कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत. त्यांना इथे राहणं परवडलं पाहिजे, तेही जतनच आहे असं मी मानतो.

घर ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा: खिडकीला आतली काच आहे का, आणि विटांच्या दरजा चुन्याने भरल्यात की सिमेंटने? सिमेंट असेल तर ओल आत कोंडते आणि जुन्या विटांचे पापुद्रे सुटतात.