कोन्रो शेगडीवर घरची याकितोरी: बरेच महिने वापरल्यावर

जपानमध्ये, टोकियोशेजारच्या सैतामात मागे छोटं अंगण असलेलं घर भाड्याने मिळालं आणि मी लगेच कोन्रो घेतली, म्हणजे याकितोरीवाले (काडीला ओवलेलं चिकन निखाऱ्यांवर भाजणारे) वापरतात ती लांबट अरुंद कोळशाची शेगडी. हिवाळ्यापासून जवळपास दर वीकेंडला पेटतेय, त्यामुळे आता खात्रीने लिहू शकतो की घ्याच.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे तिची रुंदी. वर जाळी लागतच नाही, दोन्ही कडांना लोखंडी सळ्या ठेवायच्या, मांस बरोब्बर निखाऱ्यांवर येतं आणि बांबूच्या काडीचं टोक बाहेर राहतं, त्यामुळे काडी जळत नाही, हाताने पटापट फिरवता येते आणि चिकनची कातडी जाळीला चिकटून फाटते तो वैतागच संपतो.

शेगडी डायटोमाइट मातीची आहे. या मातीसाठी नोतो द्वीपकल्पातलं सुझू गाव प्रसिद्ध, १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात तिथल्या शेगड्यांच्या भट्ट्यांचंही नुकसान झालं, वाचून फार वाईट वाटलं होतं. ही माती धग आतच धरून ठेवते. पण पाणी अजिबात नको! धुवायची नाही, राख ब्रशने झाडायची, ओली असताना पेटवली तर तडकते. बारीक रेघा माझ्या शेगडीलाही आल्यात, त्याने काही बिघडत नाही.

कोळसा बिन्चोतान, म्हणजे फार कडक जपानी लाकडी कोळसा, वाकायामाचा, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की धातूसारखा खणखणीत वाजतो. पेटायला अर्धा तास धरा, आणि एकदम मोठ्या आचेवर ठेवू नका, फुटून ठिणग्या उडतात. नंतर मात्र ज्वाळा नाही, धूर जवळपास नाही, एकसारखी कडक धग मिळते. उरलेले निखारे झाकणाच्या भांड्यात बंद केले की हवेविना विझतात आणि पुढच्या वेळी परत चालतात, म्हणून महाग असला तरी परवडतो. आणि प्लीज, बंद खोलीत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फ्लॅटवाल्यांनी छोट्या गॅसच्या डब्यावर (कॅसेट गॅस) चालणारी ग्रिल बघावी.

खरी मेहनत काड्या ओवण्यात आहे. नेगिमासाठी लेगचं मांस आणि नेगी, म्हणजे जाड पातीचा लांब कांदा, एकाच जाडीचे कापायचे, मध्ये फट ठेवायची नाही, नाहीतर तिथे काडी करपते आणि एक तुकडा कच्चा, एक सुका. चरबी टपकून जाळ उठला की काडी बाजूला घ्या, हातपंखा मारा. गिझर्ड आणि कातडीला नुसतं मीठ. बाकीच्यांना तारे, म्हणजे गोडसर सॉस: सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), साके (तांदळाची दारू), साखर, थोडी नेगीची हिरवी पात, आटेपर्यंत उकळायचं. ब्रश न वापरता काडी सरळ बुडवायची, तीही मांस बहुतेक भाजल्यावरच, मग परत धगीवर, परत बुडवायची, तेव्हा ती चकाकी येते. उरलेला तारे उकळूनच फ्रिजमध्ये ठेवा. चिकन आतपर्यंत ७५ अंशांवर निदान १ मिनिट राहायला हवं, त्यासाठी साधा थर्मामीटर पुरतो.

आमच्या सैतामातच हिगाशिमात्सुयामा आहे, तिथे याकितोरी मागितली की डुकराच्या गालाचं मांस येतं, वर तिखट मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट. ते या शेगडीवर केलं आणि घरात सगळ्यांना इतकं आवडलं की आता चिकनच्या आधी त्याचीच फर्माईश होते.