सिव्हिलायझेशन ६ : लष्करी युती की संशोधन युती?

दादरहून डोंबिवलीपर्यंत लोकलमध्ये फोनवर सिव्हिलायझेशन ६ हा साम्राज्य उभारायचा गेम खेळणाऱ्या आमच्या टोळक्यात हा वाद नेहमीचा. २०१८ च्या ‘राइझ अँड फॉल’ या विस्तारापासून (मूळ गेमला जोडायच्या भागापासून) युतीचे पाच प्रकार आले. प्रत्येक प्रकारची युती एका वेळी एकाशीच, त्यामुळे जोडीदार जपून निवडावा लागतो.

लष्करी युतीत दोघांच्याही सामाईक शत्रूविरुद्ध तुमच्या सैन्याला ५ जादा ताकद मिळते. डीटी या सर्वांत अवघड पातळीवर संगणकाच्या सैन्याला आयती ४ मिळते, म्हणजे तो फरक भरून वर एक उरतो. तटबंदीखाली अडकलेल्या लढाईत हे फार मोठं. पण मेख अशी, की मित्रही त्याच शत्रूशी लढत असला पाहिजे. तो घरी बसला तर युती नुसती कागदावर. म्हणून मी आधी संयुक्त युद्धाचं ठरवून घेतो. चौथ्या सीटवर बसण्याआधी ‘जरा सरका’ म्हणावं लागतंच ना, तसं.

संशोधन युतीत आपसातल्या व्यापारी मार्गांतून जादा विज्ञान मिळतं. शांत खेळणाऱ्याला पुरे.

शेजारी दांडगा असेल तर मी डोळे झाकून लष्करी घेतो. बेटावर एकटा असेन तर संशोधन.