फिटनेस बँडच्या कॅलरीजवर किती विश्वास ठेवायचा? (वापरून लिहिलेला रिव्ह्यू)

आधीच सांगते, बँड चांगला आहे. पल्स बऱ्यापैकी बरोबर दाखवतो, पावलं ठीकठाक मोजतो, बॅटरी आठवडाभर आरामात चालते, पावसात भिजला तरी काही झालं नाही. मध्यम किमतीत यापेक्षा जास्त काय पाहिजे. पण वर्कआऊट संपला की स्क्रीनवर कॅलरीजचा जो मोठा आकडा येतो ना त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण आमच्या सकाळच्या वॉकिंग ग्रुपमधल्या बऱ्याच जणी तो आकडा बघून दिवसभराचं खाणं ठरवतात आणि त्यातल्या एकदोघींना डायबेटिस आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा प्रॉब्लेम एका कंपनीचा नाहीच, दोन हजारवाल्या बँडपासून पन्नास हजारवाल्या घड्याळापर्यंत सगळ्यांचा आहे.

मुळात मनगटावर कॅलरी मोजणारा सेन्सर नसतो, हे खूप जणांना माहितीच नाहीये. खाली जो हिरवा लाईट चमकतो तो कातडीखालच्या रक्ताचा प्रवाह बघून पल्स काढतो, आत एक ॲक्सिलरोमीटर असतो तो हात किती हलला ते बघतो, आणि सुरुवातीला आपण ॲपमध्ये वय, वजन, उंची, स्त्री की पुरुष हे भरलेलं असतं. बास, एवढ्यावरून पुढचा सगळा हिशोब फॉर्म्युल्याने होतो, आणि तो फॉर्म्युला काय आहे ते बहुतेक कंपन्या सांगत नाहीत. खऱ्या कॅलरीज मोजायच्या तर लॅबमध्ये तोंडावर मास्क लावून आपण किती ऑक्सिजन घेतला आणि किती कार्बन डायऑक्साईड सोडला ते मोजावं लागतं. मनगटावरून श्वास कसा मोजणार?

स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१७ मध्ये हेच तपासलं होतं. ६० जणांना ट्रेडमिलवर आणि सायकलवर घातलं, तोंडाला मास्क, हातात ट्रॅकर, असे एकूण सात वेगवेगळे ट्रॅकर तपासले, त्यात ॲपल वॉच, फिटबिट सर्ज, सॅमसंग गिअर एस२, मायक्रोसॉफ्ट बँड वगैरे होते. पल्सच्या बाबतीत सातपैकी सहा ट्रॅकर ५ टक्क्यांच्या आत होते, म्हणजे छानच. आणि कॅलरीजमध्ये? सगळ्यात चांगल्याची सरासरी चूक २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के! २० टक्क्यांच्या आत एकही आला नाही. आता यावर कोणी म्हणेल की ती मॉडेल्स जुनी झाली, काही तर बंदही पडली, आणि ते बरोबर आहे, सेन्सर तेव्हापेक्षा सुधारलेत. पण पल्स तेव्हाही चांगलीच येत होती. घोटाळा पल्सवरून कॅलरीवर उडी मारताना होतो आणि ती उडी अजून तशीच आहे.

आता माझा अनुभव. सिंहगड चढताना वॉकिंग मोड लावला होता. पायथ्याच्या आतकरवाडीतून वरपर्यंत अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आणि चढ साधारण ६०० मीटरचा, घाम किती निघतो ते चढलेल्यांना माहिती आहे. वर पोचल्यावर बँड म्हणतो २००च्या घरात कॅलरीज. हे शक्यच नाही, आणि यासाठी लॅबही नको, दहावीचं फिजिक्स पुरतं. माझं वजन ६० किलो. ६० किलो ६०० मीटर वर न्यायला लागणारी नुसती ऊर्जा होते साधारण ३५० किलोज्यूल, म्हणजे ८४ कॅलरीज, आणि आपलं शरीर खर्च केलेल्या ऊर्जेतली जास्तीत जास्त पाव भागच अशा कामाला लावू शकतं, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे चारपट धरा, ३३५ कॅलरीज नुसत्या वर चढायच्या, त्यात पुढे चालण्याच्या अजून वेगळ्या. बँडला चढ दिसलाच नाही, त्याच्या दृष्टीने मी सपाट रस्त्यावर हळूहळू चालत होते. ज्या घड्याळात बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा सेन्सर) असतो त्यांना उंची कळते, पण ती कॅलरीच्या हिशोबात धरतात की नाही हे प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे घेताना विचारा.

जिममध्ये बरोबर उलटं होतं. वेट्स उचलताना स्नायू आवळले जातात, श्वास रोखला जातो, बीपी आणि पल्स दोन्ही वर जातात, पण ऑक्सिजन त्या प्रमाणात वापरला जात नाही. बँडला फक्त १४० पल्स दिसते आणि तो समजतो की बाई पळतायत! त्यात डंबेल घट्ट पकडला की मनगटाच्या शिरा दाबल्या जातात आणि पल्ससुद्धा नीट येत नाही. आमचे ट्रेनर म्हणतात छातीचा पट्टा वापरा, त्याने पल्स एकदम व्यवस्थित येते हे खरं आहे कारण तो हृदयाचे इलेक्ट्रिकल सिग्नल घेतो, पण पुढचा फॉर्म्युला तोच असल्यामुळे वेट्सच्या कॅलरीज चुकायच्या त्या चुकतातच.

आणि घरची गंमत म्हणजे पोळ्या. कणीक मळून पंधरावीस पोळ्या लाटल्या की बँडवर शेकड्याने पावलं वाढलेली असतात, ओट्यापाशी उभ्या जागी. तेच भाजी मंडईतून ट्रॉली ढकलत आले तर हात स्थिर असल्यामुळे निम्मी पावलं गायब. पावलं चुकली की त्यावरच्या कॅलरीज पण चुकणारच.

सगळ्यात भरवशाचा आकडा मी बघितला तो भाच्याच्या सायकलवर. त्याने पेडलला पॉवर मीटर लावलाय, तो पायाने किती जोर लावला ते प्रत्यक्ष मोजतो आणि राईड संपल्यावर किलोज्यूल सांगतो. त्यानेच मला समजावलं की शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के आणि एका कॅलरीत साधारण ४.१८ किलोज्यूल, म्हणजे एकीकडे चारने भाग आणि दुसरीकडे चारने गुणाकार, त्यामुळे मीटरवर जितके किलोज्यूल तितक्याच जवळपास कॅलरीज धरायच्या. हे मला फार आवडलं, कारण इथे काम खरंच मोजलंय. पण पॉवर मीटरची किंमत ऐकून मी गप्प बसले, आणि चालणाऱ्या माणसाला त्याचा उपयोगही नाही.

आता जिथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते, टोटल आणि ॲक्टिव्ह. मी एकदा डाव्या हातात माझा बँड आणि उजव्या हातात मैत्रिणीचं महागडं घड्याळ घालून तासभर चालले, एकाने १६८ दाखवल्या आणि दुसऱ्याने २४३. मैत्रीण म्हणाली तुझा बँड भंगार आहे. तसं नाहीये, बँड फक्त चालण्यामुळे जास्तीच्या जळालेल्या कॅलरीज सांगत होता आणि घड्याळाच्या त्या स्क्रीनवर टोटल होती, म्हणजे नुसतं पडून राहिलं असतं तरी जळाल्या असत्या त्यासुद्धा धरून. माझ्यासारख्या बाईच्या नुसतं जिवंत राहायला दिवसाला १२०० च्या आसपास लागतात, म्हणजे तासाला ५०, दोन आकड्यांतल्या ७५ च्या फरकातला मोठा भाग हाच. त्या ५० चालण्याच्या नावावर जमा करून वर काही खाल्लं तर त्याच कॅलरीज दोनदा मोजल्यासारखं झालं की! काही ॲपमध्ये हे दोन्ही आकडे वेगळे दिसतात, काहींमध्ये एकच येतो आणि तो कुठला ते मेनूत खोल शिरल्याशिवाय कळत नाही. हे मला खरंच चुकीचं वाटतं, पहिल्या स्क्रीनवर स्पष्ट लिहायला पाहिजे.

अजून एक, आणि हे आपल्याकडच्यांनी विशेष लक्षात घ्यावं. व्यायामाच्या कॅलरीज काढताना मेट नावाचं माप वापरतात, १ मेट म्हणजे शांत बसलेल्या माणसाचा खर्च, किलोमागे मिनिटाला साडेतीन मिली ऑक्सिजन. हा साडेतीनचा आकडा म्हणे ७० किलोच्या, चाळिशीतल्या एका पुरुषावरून आला. २००५ मध्ये सातशेहून जास्त बायका-पुरुषांना प्रत्यक्ष मोजलं तेव्हा सरासरी २.६ च निघाली! वर भारतीयांचा बसल्या जागचा खर्च परदेशी फॉर्म्युल्यांपेक्षा कमी भरतो हे आपल्याकडच्या आहारशास्त्रातल्या लोकांनी कधीच सांगून ठेवलंय. बुटकी, पन्नाशीकडे झुकलेली, स्नायू कमी आणि चरबी जास्त असलेली बाई असेल तर फॉर्म्युला तिच्या बाबतीत जास्तच उदार होण्याची शक्यता असते. आणि स्टॅनफर्डच्याच तपासणीत असंही निघालं होतं की सावळी कातडी आणि जास्त वजन असेल तर ट्रॅकरची चूक वाढते. म्हणजे ज्यांना वजनासाठी या आकड्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच बाबतीत तो कच्चा.

मग फेकून द्यायचा का, तर अजिबात नाही. माझा बँड मी रोज घालते. त्याच रस्त्यावर, त्याच मोडमध्ये, या महिन्यात मागच्या महिन्यापेक्षा कमी पल्समध्ये तेवढंच अंतर होतंय का ते बघते, हे तो उत्तम सांगतो, कारण तिथे चूक दोन्ही वेळा साधारण सारखीच असते. बसून राहिलं की थरथरतो तेही मला उपयोगी पडतं. ग्रुपमधल्या एका काकूंची विश्रांतीची पल्स वर्षभरात चांगली खाली आली, ते बघून त्यांना जो आनंद झाला तो कॅलरीच्या कुठल्याही आकड्याने झाला नसता.

घेणार असाल तर कॅलरीच्या जाहिरातीवर जादा पैसे घालू नका, त्यापेक्षा पल्स सेन्सर, जीपीएस आणि पट्टा आरामशीर आहे का ते बघा. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर आणि जरा घट्ट बांधा, सैल असेल तर पल्सच्या जागी पावलांचा ठेका मोजत बसतो. वजन बदललं की ॲपमध्ये लगेच बदला, आमच्यातल्या कित्येक जणींचं तिथे बँड घेतला तेव्हाचंच वजन आहे. आणि बँड डाएटच्या ॲपला जोडलेला असेल तर व्यायामाच्या कॅलरीज जेवणाच्या कोट्यात परत मिळवण्याचं सेटिंग बंद करा. ते बऱ्याच ॲपमध्ये आपोआप चालू असतं. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर या आकड्यावरून खाणं किंवा डोस स्वतःच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना बँडमधली पल्स आणि चालण्याची वेळ दाखवा.