विश्रामबागेतील इंग्रजी वाचनवर्ग: एका पालकाचा अभिप्राय

सांगलीत विश्रामबाग परिसरातील एका इंग्रजी वाचनवर्गाला माझी मुलगी जाते. उतारा हाती देण्यापूर्वी मुलांना त्या विषयाचे काय ठाऊक आहे, हे येथील बाई मराठीतच विचारतात आणि फळ्यावर तीन रकाने आखतात: काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचे आहे आणि वाचून काय कळले. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डोना ओगल यांनी १९८६ मध्ये मांडलेली ही पद्धत येथे मनापासून राबवली जाते. हळदीच्या साठवणुकीवरील उताऱ्यात, सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे (हळद साठवण्याची जमिनीखालची कोठारे) ठाऊक असलेल्या मुलांनी अनोळखी शब्दांचे अर्थ संदर्भावरून सहज लावले. मात्र उताऱ्यात गोदामाचा उल्लेख असूनही एकाने उत्तरात पेवच लिहिले, तेव्हा बाईंनी ‘ते वाक्य बोट ठेवून दाखव’ एवढेच सांगून त्याला मजकुराकडे वळवले, हे मला विशेष भावले. हिमवादळासारखा अपरिचित विषय आला की ही पूर्वतयारी तोकडी पडते. तेथे आधी चार चित्रे तरी दाखवायला हवीत. तिसरा रकाना वेळेअभावी अनेकदा कोराच राहतो आणि शुल्क पाहता (ते कमी नाही) ही उणीव खटकते. तयार प्रश्नोत्तरे हवी असणाऱ्या पालकांची येथे निराशाच होईल.