चित्राची फ्रेम आवडली नाही: फुकट बदलून द्यावी की पावती दाखवावी?

"हा रंग मी सांगितलाच नव्हता" म्हणणारं गिऱ्हाईक सदाशिव पेठेतलं असो की कोथरूडचं, दुकानदारापुढे रस्ते दोनच.

फुकट बदलून दिली की वाद तिथेच मिटतो, पण हिशेब बघा. 12×18 इंची चित्राला इंचभर रुंद पट्टी लावायची तर परिमिती 60 इंच, शिवाय कोपऱ्यांच्या 45 अंशांच्या कापांना आणखी 8. म्हणजे 68 इंच पट्टी गेली. खिळे मारलेले कोपरे छाटले की त्यातून 8×12 ची फ्रेम निघते, मूळ मापाची नाही. काच तेवढी वाचते.

पावतीवर पट्टीचा नंबर, माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) रुंदी, काच साधी की मॅट (न चकाकणारी) आणि गिऱ्हाइकाची सही असेल, तर आवाज चढवावा लागत नाही. "काका, नंबर हाच ना?" एवढं पुरतं. मात्र नमुन्याचा कोपरा चित्रावर ठेवून दुकानाबाहेर उजेडात दाखवलेला हवा. पिवळ्या दिव्याखाली सोनेरी आणि तांबूस पट्टी सारखीच भासते. तक्रार घरी गेल्यावर सुरू होते.

माप चुकलं तर फुकटच, तिथे पावती काढूच नये. मन बदललं असेल तर पट्टीचे पैसे घ्यावेत, मजुरी सोडावी. गणपतीच्या आधीच्या गर्दीत मजुरीही सोडू नये.